स्पर्श आणि नकार

ज्या समाजाला शतकानुशतके स्पर्श नाकारण्यात आला, त्या समाजाला स्पर्शाचा अर्थ दुसऱ्या कोणी समजावून सांगावयास नको, अशी आमची आजवर समजूत होती. गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे आलेल्या एका पत्राने त्या समजुतीला धक्का दिला. पत्र एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचे आहे. आपले नाव व वस्ती प्रसिद्ध करू नये, अशी तिची विनंती आहे आणि ती आम्ही पाळीत आहोत. जयंतीच्या मिरवणुकीला ती थोरल्या भावाबरोबर गेली होती. चौकात गर्दी दाटली, भाऊ चार पावले पुढे गेला आणि पाठीमागून एक हात तिच्या अंगावर पडला. तिने वळून पाहिले. मागे दहा चेहरे होते आणि दहाही चेहरे घोषणा देत होते. थोड्या वेळाने तोच हात पुन्हा आला. तो चुकून लागलेला नाही, याविषयी आता तिला शंका उरली नाही. तिने अंग आखडून घेतले, हातातील वह्यांची पिशवी छातीशी धरली आणि मिरवणूक संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

घरी आल्यावर भाऊ आईला रोषणाईचे, लेझमाचे व वक्त्यांच्या भाषणाचे वर्णन सांगत होता. बहीण मोरीत अंग घासून धूत होती. एकाच घरातून दोघे निघाले, एकाच रस्त्याने चालले आणि एकाच उंबऱ्यातून परत आत आले. परंतु दोघांनी पाहिलेल्या मिरवणुका दोन होत्या.

पुढची हकीकत याहून क्लेशदायक आहे. मुलीने आईला सांगितले, आईने वडिलांच्या कानावर घातले, आणि वडिलांनी सायंकाळी विहारातील अभ्यासिकेत जाणे बंद केले ते मुलाचे नव्हे, मुलीचे. वस्तीतील एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांकडे ती गेली, तेव्हा त्यांनी मायेनेच सांगितले की, बाळ, गप्प राहा, बोभाटा झाला तर चळवळीची बदनामी होईल. पत्राच्या शेवटी तिने दोनच प्रश्न विचारले आहेत. माझे काय चुकले? आणि चुकले नसेल तर शिक्षा मला का? या दोन प्रश्नांना आपण सर्वांनी मिळून उत्तर देणे लागतो, म्हणून आजचा हा लेख.

पुरुष वाचकांपैकी काहींना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. गर्दीत हात लागतोच, त्यात एवढे काय, असे ते म्हणतील. त्यांनी रागावण्यापूर्वी एक गोष्ट आठवून पाहावी. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना गावातील एखादी आळी नक्की आठवत असेल. त्या आळीतून जाताना पायातील चप्पल हातात घ्यावी लागे, मान खाली घालावी लागे, ओट्यावर कोण बसले आहे हे लांबूनच पाहून ठेवावे लागे. कोणी हटकले तर काय उत्तर द्यावयाचे, याची जुळवाजुळव मनात चाललेली असे. त्या आळीतील इतर लोक त्याच रस्त्याने गाणे गुणगुणत जात. त्यांच्या दृष्टीने तो नुसता रस्ता होता. आपल्या दृष्टीने तो रोजचा हिशेब होता. आजही कोठे मिशा ठेवल्या म्हणून, कोठे वरातीत घोड्यावर बसला म्हणून आपल्या तरुणांना मार खावा लागतो. तेव्हा भय म्हणजे काय, हे आपल्या पुरुषांना माहीत नाही असे कोण म्हणेल?

परंतु आपली ती आळी एक होती. स्त्रीला प्रत्येक रस्ता ती आळी आहे. आपल्याला ती आळी ओलांडून स्वतःच्या वस्तीत आले की मोकळा श्वास घेता येत असे. स्त्रीला वस्तीत शिरल्यावरही हिशेब मिटविता येत नाही. एस. टी.त कोणत्या बाकावर बसावे, खिडकीकडे की कडेला. गर्दीत पिशवी पुढे धरावी की मागे. पदराला लावलेली सेफ्टी पिन वेळ पडल्यास हाताशी येईल की नाही. दिवा नसलेल्या बोळातून जावे की लांबचा वळसा घ्यावा. सार्वजनिक शौचालयात रात्री जावयाचे तर शेजारच्या कोणत्या बाईला हाक मारावी — हा हिशेब ती रोज करते, आणि इतक्या लहानपणापासून करते की आपण तो करतो आहोत हेही तिच्या ध्यानात राहत नाही. पुरुष विचारतो, भिण्यासारखे तेथे काय आहे? त्याला ते दिसत नाही हे खरे. परंतु जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सवर्णांनाही जातिभेद दिसत नाही, असे ते आजही सांगत असतात. तेव्हा आपण त्यांना काय उत्तर देतो, ते आठवावे.

मुलग्यांवर असे प्रसंग येत नाहीत, असेही नव्हे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या बालकांवरील अत्याचारांच्या पाहणीत, लैंगिक छळ सोसलेल्या मुलांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती. म्हणूनच २०१२ चा बालकांच्या संरक्षणाचा ‘पॉक्सो’ कायदा मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. परंतु मुलगा मोठा होतो तसे हे भय बहुधा त्याच्या मागे पडते, आणि मुलगी मोठी होते तसे ते तिच्याबरोबर वाढते. भेद आहे तो येथे.

क्षुल्लक या शब्दाचाही समाचार घेतला पाहिजे, कारण तो केवळ चौकातील टवाळांच्या तोंडी नाही, तो न्यायालयातही उच्चारला गेला आहे. १९८८ साली चंदीगड येथे एका मेजवानीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या ज्येष्ठ सनदी अधिकारी महिलेच्या अंगावर हात टाकला. त्यांनी फिर्याद दिली. शहाण्या माणसाने तक्रार करू नये इतके किरकोळ कृत्य गुन्हा ठरत नाही, अशा अर्थाचे भारतीय दंडसंहितेचे जे ९५ वे कलम होते, त्याचाही आधार घेऊन उच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि स्त्रीच्या शीलावरील असा घाला क्षुल्लक मानता येणार नाही, असे ठरविले. १९९६ मध्ये आरोपीस दोषी ठरविण्यात आले व सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले ते २००५ साली. भारतीय प्रशासन सेवेतील स्त्रीला, एका स्पर्शाच्या न्यायासाठी, १७ वर्षे झगडावे लागले. मग धुणीभांडी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, कारखान्यात रोजंदारीवर काम करणाऱ्या आपल्या भगिनींची काय कथा!

दुसरे उदाहरण तर आपल्या नागपूरचेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या नगरीत लाखो माणसांनी नव्या जीवनाची शपथ घेतली, त्याच नगरीत २०१६ साली एका १२ वर्षांच्या मुलीला पेरू देण्याचे आमिष दाखवून एका ३९ वर्षांच्या पुरुषाने घरात नेले व तिच्या अंगाशी चाळा केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, स्पर्श कपड्यांवरून झाला, त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही, म्हणून पॉक्सो कायद्याखालील लैंगिक हल्ल्याचा गुन्हा होत नाही. देशभर संताप व्यक्त झाला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. पाहावयाचा तो स्पर्श करणाराचा हेतू, मध्ये कापड होते की नव्हते हे नव्हे, असे स्पष्ट केले आणि आरोपीची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. हातमोजे घालून कोणी असे कृत्य केले तर तो निर्दोष सुटावा काय, हा त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न साधा होता. परंतु तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन विचारावा लागला, यातच सारे आले.

आता तिसरा आक्षेप. ती ओरडली का नाही? तिने त्याचा हात तेथल्या तेथे का धरला नाही? हा प्रश्नही जुना आहे आणि त्याची किंमत एका आदिवासी मुलीने मोजलेली आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यांवर त्या निकालात मोठा भर होता. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एका गरीब मुलीने कोणाला हाक मारावयाची होती? १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सर्वोच्च न्यायालयाला अनावृत पत्र लिहून निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद ठणकावून मांडला. स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. जी भीतीने थिजली तिने होकार दिला, असे म्हणणे म्हणजे वेठबिगाराने पाटलापुढे तोंड उघडले नाही म्हणून तो खुशीने राबला, असे म्हणण्यासारखेच आहे.

वाचकहो, येथे आपण या प्रश्नाच्या मुळाशी येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या पूर्वजांनी ओंजळीत घेतले. त्यांच्या स्पर्शाने तळे बाटले असे मानून ते पुढे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. स्पर्श आमचा, विटाळ आमच्या माथी. परंतु त्याच गावगाड्यात दिवसा ज्या घराची सावली चालत नव्हती, त्या घरातील स्त्रीच्या अंगावर अंधारात हात टाकणाऱ्याला कधी विटाळ झाला नाही. तेथे स्पर्श त्याचा होता, तरी कलंक तिच्याच माथी आला. म्हणजे स्पर्श कोणीही कोणाला करो, दोष मात्र दुबळ्याकडे जातो, हा अस्पृश्यतेचा खरा नियम आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या कुंभार समाजातील कार्यकर्तीने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली तिच्यावर सामुदायिक अत्याचार झाला; आणि १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना सोडताना, वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला असा स्पर्श करून स्वतःला बाटवून घेणार नाहीत, अशा आशयाचा तर्क लढविला. अस्पृश्यता हाच जणू अत्याचार करणाऱ्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा!

आता त्या विद्यार्थिनीच्या घरातील निवाडा याच नियमाने तपासून पाहा. हात कोणाचा होता? एका पुरुषाचा. अभ्यासिका कोणाची बंद झाली? तिची. मान कोणाची खाली गेली? तिचीच. ज्या नियमाने आपल्याला हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले, तोच नियम आपण आपल्या घरात, आपल्या मुलीला लावला आहे. हे कटू आहे, पण खरे आहे. आपली भाषादेखील हाच नियम चालविते. असल्या कृत्याला आपण विनयभंग म्हणतो. विनय सोडला तो त्या पुरुषाने. भंगले मात्र तिचे काहीतरी, असा त्या शब्दाचा अर्थ होतो.

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यामुळे स्पर्शाविषयीचा आपला एक हक्क सिद्ध झाला: माझ्या स्पर्शाने तुला विटाळ होतो असे म्हणून मला दूर लोटण्याचा अधिकार कोणालाही नाही. या हक्काचा दुसरा अर्धा भाग यापुढचा आहे: माझ्या इच्छेवाचून मला स्पर्श करण्याचा अधिकारही कोणाला नाही. पहिल्याने माणूस म्हणून आपला स्वीकार झाला. दुसऱ्याने माणूस म्हणून आपला नकार मानला जातो. ज्याचा नकार कोणी ऐकत नाही तो मोकळा माणूस नव्हे, तो कोणाच्या तरी मालकीचा आहे.

हे दोन्ही भाग कायद्याने एकत्र आणले आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसावी. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तिच्या कलम ३ (१) मध्ये, अनुसूचित जाती वा जमातीच्या स्त्रीला, ती त्या समाजाची आहे हे माहीत असताना, तिच्या संमतीवाचून जाणूनबुजून लैंगिक स्वरूपाचा स्पर्श करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार, आणि तिने अंगबळाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, असे तेथे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत व दंड अशी आहे. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळालेले असल्याने, ज्या बौद्ध भगिनींची जात त्या यादीत आहे, त्यांना या कलमाचे संरक्षण आहे. ज्यांना कायद्याचे नाव ठाऊक आहे पण हे कलम ठाऊक नाही, त्यांनी ते विहारात वाचून दाखवावे.

मात्र हा कायदा बाहेरच्यासाठी आहे. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर तो लागू होत नाही. तेथे सर्वसाधारण कायदा लागतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेचे ७४ वे कलम अशा बळजबरीला किमान एक व कमाल पाच वर्षांची शिक्षा सांगते. ७५ वे कलम लैंगिक छळासाठी, ७८ वे पाठलाग करणारासाठी आहे. जुन्या दंडसंहितेत या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती आणि किमान शिक्षा नव्हती. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला व २०१३ मध्ये कायदा कडक झाला. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात स्त्रियांविरुद्धच्या ४,४५,२५६ गुन्ह्यांची नोंद झाली आणि त्यांतील १८.७ टक्के विनयभंगाच्या हेतूने केलेल्या हल्ल्यांचे होते. हे झाले नोंदलेले. त्या मिरवणुकीतील हात यांत नाही.

कायदा बाहेरच्याला व आतल्याला निरनिराळा लागेल, पण नीती निरनिराळी लागत नाही. आपण पंचशील म्हणतो. कामवासनेच्या दुराचारापासून अलिप्त राहण्याची तिसऱ्या शीलाची प्रतिज्ञा प्रत्येक वंदनेच्या वेळी उच्चारतो. ते शील विहाराच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवावयाचे नसते. गर्दीत दुसऱ्याच्या अंगावर जाणारा हात ते शील मोडतो, आणि तो हात पाहून मान फिरविणाराही ते पाळीत नाही. राहिला बदनामीचा प्रश्न. चळवळीची बदनामी करतो तो अंगचटीला जाणारा पुरुष. ती गोष्ट सांगणारी मुलगी नव्हे. डॉ. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच स्त्रियांना स्वतंत्रपणे संबोधून स्वाभिमानाने राहण्यास सांगितले आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे सांगितले. त्या मापाने मोजावयाचे तर, ज्या मिरवणुकीतून मुलगी भिंतीला टेकून परत येते, ती मिरवणूक कितीही लांब असो, पुढे गेलेली नाही.

मुलीला घरात ठेवणे हे संरक्षण नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बाजार, दवाखाना व गावाबाहेरची ठिकाणे या तिन्ही जागी एकटीने जाण्याची मुभा १५ ते ४९ वयाच्या केवळ ४२ टक्के स्त्रियांना असल्याचे आढळले. बापाची काळजी खोटी नसते. परंतु ती काळजी चोराला मोकळे सोडून घरधन्यालाच कोठडीत घालते. अभ्यासिका सुटली की परीक्षा सुटते, परीक्षा सुटली की नोकरी सुटते आणि मग अठरा पुरी होताच लग्न लावून दिले जाते. एका क्षणाच्या स्पर्शाने एका मुलीचे सारे आयुष्य असे लहान होते. पश्चिम रेल्वेने १९९२ साली केवळ स्त्रियांसाठी चर्चगेट ते बोरिवली लोकल सुरू केली. गाडीतील निराळे डबे तर त्याआधीपासून आहेत. ही सोय उपयोगाची आहे, ती राहिलीच पाहिजे. पण निराळा डबा हे तात्पुरते औषध आहे. निराळ्या पाणवठ्याने आपला प्रश्न सुटला नव्हता, हे आपण कसे विसरू?

मग करावयाचे काय? प्रथम पुरुषांनी. आज रात्री घरी आपल्या बहिणीला, पत्नीला, मुलीला विचारावे की, तू कोणत्या रस्त्याने येतेस आणि दुसऱ्या रस्त्याने का येत नाहीस? ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐकावे. गर्दीत चुकून हात लागला तर तो लगेच मागे घ्यावा व क्षमा मागावी. चुकून लागलेला हात आणि मुद्दाम आलेला हात यांतील फरक स्त्रीला या एवढ्याशा गोष्टीवरून बरोबर कळतो. आपला मित्र असे वागताना दिसला तर हसू नये. त्याला तेथेच थांबवावे. मित्राचे शब्द मित्राला लागतात, कायद्याचे कलम फार उशिरा लागते.

नंतर मंडळांनी व विहार समित्यांनी. मिरवणुकीच्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे आधीच जाहीर करावे. अभ्यासिकेच्या वाटेवर दिवे लावून घ्यावेत, वेळ कमी करू नये. अशा गुन्ह्यात पंच बसवून तडजोड करू नये. मुलीला तक्रार करावयाची असेल तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे. घटना त्या हद्दीतील नसली तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदविता येतो. अशा गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यावी, असा नियम आहे. आणि ७४ व्या कलमाखालील फिर्याद नोंदविण्याचे नाकारणे हा त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा होतो. तातडीस ११२ व स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हे क्रमांक, रेल्वेत १३९, मुलींना पाठ असावेत. कामाच्या जागी छळ होत असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान जागी काम करणाऱ्या व घरकाम करणाऱ्या भगिनींनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते, हे विसरू नये.

शेवटी त्या विद्यार्थिनीला. बाळ, तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, तुझे काहीही चुकलेले नाही. मिरवणूक तुझी आहे, रस्ता तुझा आहे, अभ्यासिका तुझी आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस लाज वाटते. शिक्षा तुला झाली, कारण त्या पुरुषाला विचारण्यापेक्षा तुला गप्प करणे आम्हांला सोपे गेले. तुझे वडील हे वाचत असतील तर त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की, त्यांनी उद्या सायंकाळी तिला अभ्यासिकेत पाठवावे आणि वाटेवर कोणाला काही विचारावयाचेच असेल तर ते चौकात उभ्या असलेल्या मुलांना विचारावे. आणि तिच्या भावाने पुढच्या वर्षी मिरवणुकीला जाताना चार पावले पुढे न जाता, तिच्या डोळ्यांनी एकदा ती मिरवणूक पाहावी. मग तिचे वर्णन आईला कोणी सांगावयाचे, ते दोघांनी मिळून ठरवावे.